व्हायोलिन : एक मैत्रीण

ऑल्विन, तुझ्या मातीला मी आले नव्हते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं याहून अवघड आहे. त्या दुपारी मी साडी नेसून तयार झाले होते. जेसल पार्कच्या नाक्यावर रिक्षाही मिळाली. रिक्षावाला म्हणाला, "पाली? वहाँ से खाली आना पडता है, आंटी." तो नाही म्हणत नव्हता, रिकामं परतावं लागतं म्हणून नुसता कुरकुरत होता. पण मला निमित्त हवं होतं. "रहने दो," म्हटलं आणि उतरले. घरी येऊन साडीची घडी घातली. चार वाजता शिकायला येणारी मुलगी आली, तिच्याकडून सरगम घोटवून घेतली. तिकडे त्याच वेळी तुला खाली उतरवत असतील, हे मला घड्याळाकडे न बघताही कळत होतं.

तुझ्याकडे गिटार शिकलेल्या तुझ्या पालीतल्या आणि शेजारच्या उत्तनमधल्या सगळ्यांनी माझ्या मुलीने तुझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं होतं. ते माझ्याकडे रागाने बघतील याची मला एवढी भीती नव्हती. काही जण मायेने जवळ येतील, "तुमच्यावर अन्याय झाला, मॅडम" असं म्हणतील, याची होती. तुझ्या पेटीशेजारी उभी राहून मला ती माया घ्यावी लागली असती.

तुला हे सगळं ठाऊकच आहे. बाकीच्यांना नाही. म्हणून लिहितेय.

आपली ओळखच भांडणाने झाली. मी एकोणीस वर्षांची होते. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही नुकतेच भाईंदरला आलो होतो, आणि मी इथल्या प्रत्येक गोष्टीवर चिडलेली होते. बाबांच्या ऑफिसातले तुमच्या गावचे एक जण होते, त्यांनी सणाला जेवायला बोलावलं. शेजारच्या ओट्यावर तू बसला होतास, मांडीवर गिटार, आणि तिच्या पट्टीवर चक्क कानस चालवत होतास. मला वाटलं, हा माणूस चांगलं वाद्य मोडतोय.

"हे काय करताय तुम्ही?"

"मींड काढायची हाय. पडदे आडवे येतात."

दोन पडद्यांमधलं लाकूड खरवडून खोलगट केलं की तार खोल दाबता येते आणि सूर वर सरकतो, हे तू मला करून दाखवलंस. मी नाक उडवून म्हटलं, मींडच ऐकायची तर व्हायोलिन ऐका, त्याला पडदेच नसतात.

"मग आण की," तू म्हणालास. "इथं काय नुसती जेवायला आलीस?"

पुढच्या रविवारी एसटीने मी व्हायोलिन घेऊन आले. मग दीड वर्ष येतच राहिले. तुमच्या घराच्या मागच्या खोलीत एका कोपऱ्यात जाळी रचलेली असायची, दुसऱ्या कोपऱ्यात तुझ्या दोस्ताचे, रॉनीचे ड्रम. तुझ्या मामाने बोटीवरून आणलेल्या जॅझच्या रेकॉर्डी तू मला ऐकवायचास. मी तुला माझ्या गुरुजींनी शिकवलेल्या बंदिशी वाजवून दाखवायचे. तू त्यांच्याखाली असल्या कॉर्ड लावायचास की मला आधी हसू यायचं, मग राग यायचा, आणि घरी गेल्यावर तेच डोक्यात घोळत राहायचं. दर वेळी वाजवून झालं की तू म्हणायचास, "अजून एकदा." छान झालं तरी अजून एकदा. तुझी मोठी बहीण फिलूबाय दारातून ओरडायची, "अरे, तिची गाडी जाईल, सोड तिला." घरी मी सांगायचे की मैत्रिणीकडे रियाजाला जाते.

मारव्यावरून आपण किती भांडलो! मारव्यात पंचम नसतो. तू वरच्या सुरावटीत तो पाळलास, आणि खाली बास गिटारवर खुशाल पंचम लावून दिलास. मी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि म्हटलं, हा खून आहे. तू शांतपणे म्हणालास, "वर न्हाय ना लावला? खाली हाय तो. जमिनीत. तू चाल ना वरून." मी म्हटलं, ज्या घराला जमीनच नसायला हवी त्याला तू जमीन देतोयस, मग त्याची तडफड राहिली कुठे? यावर तू म्हणालास, "तडफड करायला पण पाय टेकायला लागतात, बाय." ते भांडण मिटलं नाही. तुला खरं सांगू? मला अजूनही तो पंचम खटकतो. त्या बाबतीत मी तुझ्यापुढे हार मानणार नाही, तू गेलास तरीही.

पण त्याच मारव्याचं रेकॉर्डिंग माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वादन आहे. दादरच्या बाजूच्या एका स्टुडिओत अर्ध्या दिवसात आपण सहा धुना वाजवल्या. मारवा चौथ्या वेळी जमला. वाजवून झाल्यावर तू पहिल्यांदाच "अजून एकदा" म्हणाला नाहीस. रॉनीने ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दहा दिवसांनी मी तुमच्या ओट्यावर रडत बसले होते. आकाशवाणीच्या ऑडिशनसाठी गुरुजी माझं नाव सुचवणार होते, आणि त्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका शिष्याला घरातून काढलं होतं, हॉटेलात वाजवतो म्हणून. "हॉटेलचं वाजवायचं असेल तर माझ्या सतरंजीवर बसू नका," हे वाक्य मी स्वतः ऐकलं होतं. आपल्या रेकॉर्डिंगच्या कॅसेटचं कव्हर छापायला जाणार होतं. मी तुला म्हटलं, माझं नाव काढ.

"अगं, वाजवलंस तू. नाव काढू कसं?"

"काढ म्हणते ना. माझं सगळं जाईल."

"मग काय छापू? व्हायोलिन आपोआप वाजलं?"

मी आणखीच रडायला लागले. तू माझ्यासमोर येऊन बसलास. मग म्हणालास, "बरं. रडू नको. नाव न्हाय देत. कोणाला सांगणार पण न्हाय." कॅसेट आली तेव्हा कव्हरवर छापलं होतं, 'व्हायोलिन : एक मैत्रीण'. मी ते बघून सुटकेचा निःश्वास सोडला. तुला धन्यवादसुद्धा दिले नाहीत, कारण मला वाटलं, एवढं तर तू करायलाच हवं होतंस.

नंतर मला आकाशवाणीची ग्रेड मिळाली, लग्न झालं, ईशा झाली, शिकवण्या सुरू झाल्या. गुरुजी गेले. आता लपवण्याचं कारण उरलं नव्हतं, पण तोवर मला लपवायची सवय झाली होती. भाईंदरच्या आमच्या संगीत मंडळात एकदा माझा कार्यक्रम झाला. नंतर गप्पांमध्ये कोणीतरी विचारलं, फ्यूजनबद्दल तुमचं मत काय? मी माइक हातात घेऊन म्हणाले, "त्या खिचडीत मी कधी हात घातला नाही." सगळे हसले. मग शेवटच्या रांगेत तू दिसलास. पांढरा शर्ट, मांडीवर हेल्मेट. पालीहून स्कूटर चालवत तू माझं ऐकायला आला होतास. तू तेव्हाही सगळ्यांबरोबर हसत होतास. बाहेर भेटलास तेव्हा मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलशील. तू म्हणालास, "तुझा हात अजून छान चालतो गं. बोटं दुखतात का?"

मी तुला कधी म्हटलं नाही की चुकलं.

गेल्या वर्षी तू घरी आलास. बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीला तुझ्या सगळ्या वर्षांतल्या निवडक चौदा धुना एकत्र काढायच्या होत्या, ऑनलाइन आणि काही प्रती मोठ्या काळ्या तबकड्यांवरही. नाव तू आधीच ठरवलं होतंस, 'अजून एकदा'. चाळीस वर्षं लग्नांत वाजवून, पोरांना तीन कॉर्ड शिकवून, कोणी विचारत नसताना मागच्या खोलीत नवीन धुना बांधत राहिल्यावर तुला कोणीतरी विचारलं होतं. तू मला यादी दाखवायला आला होतास. वहीच्या कागदावर तुझं ते तिरकं अक्षर. दोन धुना नंतरच्या, तू फार जोरात वाजवायला लागला होतास त्या काळातल्या, मी खोडायला लावल्या. तू मुकाट्याने खोडल्यास. मग पेन पाचव्या ओळीवर, आपल्या मारव्यावर ठेवून विचारलंस,

"ह्याचं काय करू? आता टाकू का नाव?"

"राहू दे."

"नक्की? आता गुरुजी पण न्हाय. कोण बोलणार तुला?"

"राहू दे म्हटलं ना, ऑल्विन. आता या वयात कशाला?"

मंडळातल्या लोकांना काय वाटेल, हे माझ्या मनात होतं. 'खिचडी'वर हसलेले ते सगळे लोक. तू कागदाची घडी करून खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "चहा टाकतेस की मी टाकू?"

अल्बम आला आणि लोकांना आवडला. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, त्या खोलगट पट्टीच्या गिटारसकट. एका संगीत महोत्सवात तुझा कार्यक्रमही ठरला. सगळ्यांत जास्त बोलणं पाचव्या धुनेवर होत होतं. ही व्हायोलिन वाजवणारी कोण, असं लोक विचारत होते. तू मुलाखतीत सांगितलंस, "आहे एक मैत्रीण. तिला विचारल्याशिवाय न्हाय सांगणार."

एका रविवारी सकाळी ईशाने तो अल्बम घरात लावला. तू दिलेली प्रत होती. मी स्वयंपाकघरात होते. पाचवी धून सुरू झाली आणि ती हातातला मोबाइल ठेवून आत आली.

"आई, हे तू आहेस."

"काहीतरीच काय."

"तू निषादावर जाताना अशीच थांबतेस. लहानपणापासून ऐकतेय मी. आई, हे तू वाजवलंयस!"

ती कव्हर घेऊन आली, वाचलं, परत वाचलं. "एक मैत्रीण? म्हणजे काय? तुझं नाव का नाही?"

ऑल्विन, माझी मुलगी तीस वर्षांची आहे. माझं वाजवणं तिला घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखं, ओळखीचं आणि लक्ष न देण्याजोगं. त्या क्षणी तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तसं तिने कधीच बघितलं नव्हतं. मला ती नजर घालवायची नव्हती. मला लाज वाटत होती म्हणून मीच नाव काढायला लावलं, असं सांगितलं असतं तर ती नजर गेली असती. मी गॅस बारीक केला आणि म्हणाले, "तेव्हा बायकांची नावं कोण छापायचं?"

"म्हणजे त्यांनी दिलं नाही?"

"जाऊ दे गं."

एवढंच. मी तुझ्याबद्दल धडधडीत खोटं असं एकही वाक्य बोलले नाही. पुढेही बोलले नाही. हे माझं कसब.

संध्याकाळपर्यंत ईशाने ऑनलाइन लिहून टाकलं होतं. माझा तरुणपणीचा फोटो, पाचव्या धुनेचा तुकडा, आणि खाली तुझं नाव घेऊन विचारलं होतं, की चाळीस वर्षं एका बाईचं वादन वापरून तिचं नाव पुसणारा हा कोण मोठा कलाकार? ते कुठल्या कुठे गेलं. जुन्या विद्यार्थिनींचे फोन आले. मंडळातल्या त्याच लोकांचे आले. "तुम्ही एवढं मोठं काम केलंय आणि कधी बोलला नाहीत!" मी म्हणायचे, जाऊ दे हो. आणि सगळ्यात लाजिरवाणं सांगायचं तर, मला ते आवडत होतं. फोन वाजला की मी आरशात बघून केस नीट करायचे आणि मग उचलायचे. एका पत्रकार मुलीने विचारलं, त्यांनी तुम्हाला कधी नाव देऊ केलं होतं का? मी म्हणाले, "आता जुनं काय उगाळायचं?" तिने ते तसंच छापलं. वाचणाऱ्याने जे समजायचं ते समजलं.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला.

"काय बाय, काय चाललंय गं?"

"ईशाने लिहिलं. मला न विचारता."

"पोर हाय. आईसाठी लिहिलं. चांगली हाय." मग म्हणालास, "कंपनीवाले विचारतायत, महोत्सववाले विचारतायत. मी काय बोलू? तू सांग. तू सांगशील तेच बोलतो."

 तुझ्याकडे मागे कोंबडा आरवत होता, फिलूबाय कोणाशी तरी बोलत होती.

"दोन दिवस दे मला," मी म्हटलं. "मी बघते."

"दोन कशाला, चार घे."

मी चार घेतले, आठ घेतले. मी मनात वाक्यं जुळवायचे आणि ईशा ऑफिसमधून आली की गिळायचे. एवढ्यात महोत्सवातून तुझा कार्यक्रम काढला. अल्बमचा तो एकच मोठा कार्यक्रम ठरला होता. त्याच संध्याकाळी तू चार ओळी प्रसिद्ध केल्यास. 'व्हायोलिन माझ्या मैत्रिणीने वाजवलं. नाव छापायला हवं होतं. छापलं नाही. चूक माझी.' ईशाने त्या मला वाचून दाखवल्या आणि म्हणाली, "बघ, शेवटी कबूल केलंच." मी भाजी चिरत होते. मी भाजी चिरत राहिले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तू दुपारी जेवून खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस.

मातीनंतर अठराव्या दिवशी मी पालीला गेले. या वेळी रिक्षावाला काही म्हणाला नाही. फिलूबाय ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. मला बघून उठली नाही, पण पायाने पाट पुढे सरकवला. मी बसले आणि बोलायला तोंड उघडलं, तशी तीच म्हणाली,

"मला म्हाईत हाय. हितंच बसून रडत होतीस तू, नाव काढ म्हणून. मीच चहा दिला होता."

"मग तू बोलली का नाहीस, फिलूबाय?"

"चारदा बोलले. म्हटलं, मी सांगते त्या पेपरवाल्यांना. तो म्हणाला, न्हाय. तिची पोर हाय घरात. पोरीसमोर तिला कशाला खोटं पाडायचं?"

मी रडायला लागले. ती बोंबील निवडत राहिली. मी म्हटलं, माझ्यामुळे गेला तो. यावर तिने हात थांबवला.

"तुझ्यामुळं न्हाय गेला. त्याचं काळीज दोन वर्षं दुखत होतं, डॉक्टर बघत होता. उगीच तेवढी मोठी होऊ नको." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण त्या प्रोग्रामचं लागलं त्याला. नवीन शर्ट शिवायला टाकला होता. तोच घालून पाठवला."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला? जिला खोटं सांगितलंस तिला सांग जा."

त्याच संध्याकाळी ईशाला समोर बसवलं. या वेळी हातात भाजी घेतली नाही. सगळं सांगितलं, ओट्यावरचं रडणं, खिचडी, गेल्या वर्षीचा कागद, तुझा फोन. सगळं ऐकून ती शेवटी म्हणाली,

"मी त्या माणसाला काय काय बोललेय, आई. तुला माहितीये ना? त्यांच्या बहिणीने वाचलं असेल."

"वाचलं."

"आणि तू रोज माझ्यासमोर जेवत होतीस."

मी म्हटलं, हो. तिने फोन घेतला, ती पोस्ट काढायला लागली. मी म्हटलं, काढू नको, खाली खरं लिही, माझ्या नावाने लिही. तिने लिहिलं. आधीच्या पोस्टवर जेवढी माणसं होती त्यांच्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही परत आली नाहीत. महोत्सववाल्यांनी दोन ओळींचं दुःख कळवलं. संगीत मंडळातून कोणाचाच फोन आला नाही. मग ईशा माझ्याशी बोलायची थांबली. भांडली नाही, घर सोडून गेली नाही. सकाळी डबा घ्यायची, रात्री ताट धुवायची. एक शब्द नाही.

तुझ्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मात्र ती माझ्याबरोबर आली. रिक्षात खिडकीबाहेर बघत बसली होती. देवळातून सगळे तुमच्या अंगणात आले. खुर्च्या मांडल्या होत्या, मोठ्या पातेल्यांत जेवण होतं. तुझे विद्यार्थी, रॉनी, कंपनीचा एक माणूसही आला होता. मी फिलूबायला विचारलं, दोन शब्द बोलू का? ती म्हणाली, "बोल. मी अडवणार न्हाय आणि तुला सावरणार पण न्हाय."

मी उभी राहिले.  मी म्हणाले, "माझं नाव ऑल्विनने पुसलं नाही. मी रडून काढायला लावलं. गेल्या वर्षी त्याने परत विचारलं, तेव्हाही मीच नको म्हटलं. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. चूक माझी आहे, असं त्याने लिहिलं, ते खोटं होतं. त्याने आयुष्यात माझ्यासाठी बोललेलं तेवढं एकच खोटं." आणखी काही ठरवलं होतं, आठवलं नाही. खाली बसले.

 मग रॉनी उठला. त्याचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. तो माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "हे त्याला ऐकायला मिळायला हवं होतं." आणि फाटकाबाहेर निघून गेला. त्याचं बरोबर होतं. मला त्याला थांबवायचा हक्क नव्हता.

अल्बमच्या पुढच्या प्रतींच्या कव्हरवर काय छापायचं, ते कंपनीच्या माणसाने फिलूबायवर सोडलंय. तिने अजून काही सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

जेवणं सुरू झाली. मला वाटलं, आता निघावं. पिशवी उचलली तशी फिलूबाय लांबूनच म्हणाली, "जेवून जा." म्हणून ताट घेऊन भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. लोक माझ्यासमोरून जात होते, काही बघत होते, काही मुद्दाम बघत नव्हते. तुझी एक लहानशी विद्यार्थिनी मला बघून तिच्या आईला काहीतरी विचारत होती आणि आई तिला गप्प करत होती. मी खाली मान घालून जेवत राहिले. ताटात काही टाकायचं नाही असं ठरवलं होतं.

ईशा फिलूबायच्या हाताखाली जेवण वाढत होती. ओढणी कमरेला खोचलेली, हातात भाताचं पातेलं. एकेका खुर्चीपाशी थांबत ती माझ्या रांगेपर्यंत आली. मला वाटलं, ती मला ओलांडून पुढे जाईल. ती थांबली. माझ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "भात वाढू?"

बारा दिवसांत ती माझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. मी ताट पुढे केलं, ऑल्विन, आणि तिने वाढलेला भात मी सगळा खाल्ला.